आकड्यावरचा कप

हॅरो कोव्ह हे मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं अगदी लहान गाव. मोठ्या रस्त्यावरून आत वळलेला रस्ता तिथे येऊन संपतो. पुढे धक्का आणि धक्क्यापुढे पाणी. धक्क्याला लागून ‘लँटर्न’ नावाचा जुना पब होता. खाली बार आणि थोडी टेबलं, मागे स्वयंपाकघर, वर राहायच्या खोल्या. शुक्रवारी तळलेला मासा, शनिवारी काकवी घालून शिजवलेला राजमा, आणि रोज माशाचं दाट सूप. गावात चार माणसांनी बसावं अशी दुसरी जागाच नव्हती.

बारच्या मागच्या भिंतीवर ओळीनं पितळी आकडे ठोकलेले होते आणि त्यांच्याखाली एक लांब फळी होती. लॉबस्टर पकडायला जाणाऱ्या प्रत्येकाचा तिथे स्वतःचा जाड कप असे. माणूस पहाटे येऊन कॉफी घ्यायचा आणि समुद्रावर निघताना कप आकड्याला अडकवून जायचा. परत आला की घरी जाण्याआधी इथे यायचा, आकड्यावरून कप काढून काहीतरी प्यायचा आणि तो खालच्या फळीवर पालथा घालायचा. कप आकड्यावर, म्हणजे माणूस समुद्रात. कप फळीवर पालथा, म्हणजे माणूस सुखरूप. एक जरी कप आकड्यावर असला तरी पबचं दार बंद करायचं नाही आणि वरच्या खिडकीतला मोठा दिवा विझवायचा नाही, अशी रीत होती. खाडीच्या तोंडाशी खडक होते. अंधारात येणारी बोट त्या दिव्याचा रोख धरून खडक चुकवायची.

गुरुदत्तनं हा पब वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याकडून विकत घेतला, त्याला आता पाच वर्षं झाली होती. त्याआधी तो मिशिगनमध्ये नोव्हायला, मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. मंदीत नोकरी गेली, आणि पुन्हा कुणाच्या हाताखाली राहायचं नाही असं त्यानं ठरवलं. वॉल्टरनं किल्ली देताना एकच गोष्ट सांगितली होती. “शेवटचा कप उतरल्याशिवाय बंद करू नकोस.” गुरुदत्तनं त्याचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं. एकदा हो म्हटलेलं तो मोडत नसे.

त्या एका होकारात त्याची बायको रेखा आणि मुलगी कांचन दोघी अडकल्या. ओहायोत डब्लिनला गुरुदत्तच्या भावाच्या, राजीवच्या, मुलीचं बारसं होतं, ते कॅन्सल केलं. कांचनच्या शाळेतल्या नाटकाला रेखा एकटी गेली. दिवाळीला पोर्टलंडला चर्चच्या हॉलमध्ये आजूबाजूची भारतीय कुटुंबं जमत. दर वर्षी या तिघांचं जायचं ठरे, आणि दर वर्षी कुणाचा तरी कप आकड्यावर लटकत राही. रेखा संध्याकाळी जिन्यावरून विचारायची, “किती आहेत रे?” खालून उत्तर यायचं, “अजून एक आहे.”

त्या वर्षी, शहाऐंशी साली, रेखाची आई सुमित्राबाई अमरावतीहून आल्या. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाई. जावयाचा पब आहे हे त्यांनी शेजारीपाजारी कुणाला सांगितलं नव्हतं. जावयांचं हॉटेल आहे, एवढंच. इथे आल्यावरही त्या स्वयंपाकघरापर्यंत येत, पण बारच्या खोलीत पाऊल टाकत नसत. जेवण बाहेर द्यायच्या खिडकीतून त्यांना ते कप दिसायचे. प्रत्येकाचा कप वेगळा, कुणी कुणाच्या कपाला तोंड लावत नाही, हे पाहून त्यांना बरं वाटलं होतं. “निदान उष्टं तरी पाळतात हो,” असं त्या रेखाला म्हणाल्या होत्या. रेखा नुसती हसली. “अजून एक आहे” म्हणजे खाली एखादं गिऱ्हाईक रेंगाळलंय, असंच त्यांना वाटत असे.

महिनाभरात त्यांनाही त्या घराचं गणित कळलं होतं. कुठे जायचं नाही. सकाळी खिडकीतून पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी काळं पाणी. नव्यानं आलेल्या माणसाला समुद्र मोकळा वाटतो. खिडकीशी महिनाभर बसलेल्या माणसाला तो भिंतीसारखा दिसू लागतो.

म्हणून त्यांनी कांचनला हाताशी धरलं होतं. कांचन नऊ वर्षांची. मराठी समजायचं सगळं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. पोर्टलंडच्या दिवाळीत मुलांनी आपापल्या भाषेत चार शब्द बोलायचे होते. सुमित्राबाईंनी नातीला एखादी गोष्ट सांग असं सुचवलं.

“नो, आजी. आय विल टॉक अबाउट माय टाउन.”

“बरं. मग मराठीत सांग. माझं गाव.”

रोज दुपारी पबातली गर्दी ओसरली की स्वयंपाकघराच्या टेबलाशी तालीम चाले. त्या घाई करत नसत. मूल अडलं की पुढचा शब्द त्या देत नसत, नुसत्या वाट बघत. शब्द सापडायला वेळ लागतो, पण सापडलेला शब्द जात नाही, असा त्यांचा अनुभव होता.

“माझं गाव हॅरो कोव्ह आहे,” कांचन म्हणे. “माझ्या गावात एक रस्ता, एक चर्च आणि एक पब आहे. पब आमचा आहे. समुद्रात लॉबस्टर आहेत. ते पिंजऱ्यात येतात. आम्ही कुठे जात नाही.”

शेवटच्या वाक्यावर सुमित्राबाई पहिल्यांदा थबकल्या होत्या. “हे कशाला गं?”

“बिकॉज इट्स ट्रू.”

त्यांनी ते वाक्य तसंच ठेवलं. व्याकरणात काही चूक नव्हती.

दिवाळीचा कार्यक्रम शनिवारी होता. गुरुदत्तनं दारावर पाटी लावली होती, आज दुपारनंतर बंद. पाटीखाली त्यानं स्वतःच लिहिलं होतं, सगळे परत आले तर. दुपारचं जेवण आटोपलं. एकेक बोट येत गेली, एकेक कप पालथा होत गेला. अखेर आकड्यावर एकच उरला. निळी रेघ असलेला, एव्हरेटचा. एव्हरेट गावातला सगळ्यात वयस्कर मच्छीमार. त्याच्या बोटीतला रेडिओ कधी लागायचा, कधी नाही.

“येईल तो,” गुरुदत्त म्हणाला. “तू कांचनला तयार कर. मी गाडीत पेट्रोल भरून येतो.”

“आणि नाही आला तर?” रेखा म्हणाली.

गुरुदत्त गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला. रेखा कांचनला घेऊन वर गेली. जिना चढताना तिनं पुन्हा विचारलं नाही, हे सुमित्राबाईंच्या लक्षात आलं. ती आत्ताच न जाण्याच्या तयारीला लागली होती.

त्या एकट्याच स्वयंपाकघरात उरल्या. आपल्याला काय करता येईल याचा त्यांनी विचार केला. आवरायचं जेवढं कमी राहील तेवढं लवकर निघता येईल. आणि आज लक्ष्मीपूजन. घर धुऊनपुसून लखलखीत हवं, मग ते घर कसलं का असेना. पदर खोचून त्या पहिल्यांदा बारच्या खोलीत शिरल्या. टेबलं पुसली, दिवाळीची म्हणून एक पणती खिडकीशी ठेवली. मागे वळल्या तर ते कप. आतून काळेकुट्ट. कॉफीचा थर वर्षानुवर्षं बसलेला. त्यांनी फळीवरचे सगळे कप उचलले, आकड्यावरचा एक राहिला होता तोही काढला, आणि मीठ-लिंबानं एकेक घासून काढला. पांढरेशुभ्र झाले. कोरडे करून त्यांनी ते फळीवर ओळीनं पालथे मांडले. शाळेतल्या मुलांची रांग लावावी तसे.

गुरुदत्त मागच्या दारानं आत आला तेव्हा त्या वर साडी बदलायला गेल्या होत्या. त्यानं सवयीनं भिंतीकडे पाहिलं. सगळे आकडे मोकळे.

“रेखा!” तो जिन्याखालून ओरडला. “एव्हरेट येऊन गेला! चला, चला, निघा!”

क्षणभरानं रेखा जिन्यात येऊन उभी राहिली, एका कानात डूल आणि दुसरा हातात. “खरंच?”

“अगं रिकामे आहेत सगळे आकडे. बघ येऊन.”

ती बघायला आली नाही. धावत परत वर गेली.

गुरुदत्तनं दिवा लावला नाही, दाराला कुलूप घातलं आणि चौघं गाडीत बसली. धक्क्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. नोव्हेंबरचे दिवस, चार वाजताच उजेड कलायला लागला होता. गावाबाहेरच्या चढावर रेखानं काच खाली केली आणि गार वारा तोंडावर घेतला.

“अगं थंडी वाजेल,” सुमित्राबाई म्हणाल्या.

“वाजू दे. आई, ही साडी मी लग्नानंतर दुसऱ्यांदा नेसतेय, माहीत आहे?”

“तरी गुडघ्याशी चुरगळलीये. बस नीट.”

गुरुदत्त शीळ घालत ड्राइव्ह करत होता. कांचन परकर-पोलक्यात मागे बसून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, माझं गाव, माझं गाव. झाडं काळी पडत चालली होती. सुमित्राबाईंना वाटलं, आता सांगायला हरकत नाही.

“गुरुदत्तराव, तुमचे सगळे कप घासून ठेवलेत हो. काय तो थर! तो आकड्यावरचा तर कुणी कधी धुतलाच नव्हता वाटतं.”

शीळ थांबली.

“आकड्यावरचा कुठला, आई?”

“एकच तर होता. निळ्या रेघेचा.”

“दॅट्स एव्हरेट्स,” कांचन म्हणाली.

गाडी हळू होत रस्त्याच्या कडेला थांबली. रेखा समोर बघत हळूच म्हणाली, “नाही. नाही, नाही.”

“काय झालं? फुटला नाही हो, नीट ठेवलाय,” सुमित्राबाई म्हणाल्या.

सांगितलं ते कांचननं, आणि या वेळी तिनं शब्द शोधून मराठीत सांगितलं. “आजी, कप वर, म्हणजे माणूस पाण्यात. कप खाली, म्हणजे आला. सगळे आले की दिवा बंद.” मग ती थांबली. सुमित्राबाई वाट बघत राहिल्या, जशा रोज बघत. “तो नाही आला, आजी.”

सुमित्राबाईंनी मांडीवरचे हात घट्ट धरले. ज्या माणसाशी आपण एक शब्द बोललो नाही, त्याच्यापुढचा दिवा आपण विझवला, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

गुरुदत्तनं चाक फिरवलं. गाडी पुरती वळायच्या आत रेखानं दोन्ही डूल काढून पर्समध्ये टाकले होते.

पहिल्या पेट्रोल पंपावर गुरुदत्त फोनकडे धावला. नाणं टाकलं आणि तसाच उभा राहिला. गावातल्या कुणाचाच नंबर त्याला पाठ नव्हता. पाच वर्षं रोज समोर बसणारी माणसं, आणि त्याला एकच नंबर येत होता, लँटर्नचा. त्यानं तो फिरवला. कुलूपबंद घरात घंटी वाजत राहिली.

“कोस्ट गार्डला सांग,” रेखा खिडकीतून म्हणाली.

त्यानं सांगितलं. ते म्हणाले, रेडिओवर हाक मारून बघतो.

परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला. “पाच वर्षांत एकदा. एकदाच बंद केला मी.”

“माझ्यामुळे,” सुमित्राबाई म्हणाल्या.

“नाही, आई. आम्ही तुला सांगितलंच नाही,” रेखा म्हणाली. “त्या आकड्यांचं काय आहे ते तोंडानं सांगायचाही कंटाळा आला होता मला.”

गाव चढावरून दिसतं. गाडी चढावर आली तेव्हा पूर्ण अंधार झाला होता, आणि खाली लँटर्नच्या वरच्या खिडकीत दिवा जळत होता.

“मी लावला नव्हता,” गुरुदत्त म्हणाला. “मला नक्की आठवतंय.”

पबचं दार उघडं होतं. आत पाच-सहा माणसं बसली होती आणि बारमागे डॉट बिअर ओतत होती. डॉट म्हणजे समोरच्या घरातली म्हातारी, पूर्वी गावचं पोस्ट सांभाळणारी. शेगडीपाशी ओले बूट काढून एव्हरेट बसला होता. हातात निळ्या रेघेचा कप.

“दत्त,” तो म्हणाला, “माझा कप कुणी धुतला? कॉफीला लिंबाची चव येतेय.”

गुरुदत्त दारातच उभा राहिला. सुमित्राबाई त्याच्या बाजूनं पुढे झाल्या. आयुष्यभर मुलांना त्यांनी हेच शिकवलं होतं, की चूक कुणाची ते उभं राहून सांगावं.

“मी धुतला,” त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. “आय ॲम सॉरी. व्हेरी, व्हेरी सॉरी.”

एव्हरेटनं त्यांच्याकडे पाहिलं, मग कपात पाहिलं. “वीस वर्षांचा थर होता, बाई. तो परत बसायला तेवढीच वर्षं लागतील, आणि माझ्याकडे नाहीत तेवढी.” सगळे हसले. एव्हरेटही हसला, पण पाय त्यानं शेगडीच्या आणखी जवळ नेले.

“तुम्ही आत कसे आलात?” गुरुदत्तनं विचारलं.

“किल्लीनं,” डॉट म्हणाली. “अंधार पडला तरी एव्हरेटचा ट्रक धक्क्यावरच होता, आणि तुझी खिडकी काळी. आले, दिवा लावला. मधेच फोन वाजत होता, पण मी जिन्यात होते.”

“कुठली किल्ली?”

“मागच्या शेडच्या वळचणीखालची. नेहमीची. वॉल्टर हिवाळ्यात फ्लोरिडाला जायचा ना, तेव्हापासून तिथेच आहे.”

“वॉल्टर जायचा?”

“दोन-दोन महिने. जिचा नवरा बाहेर असेल ती येऊन बसायची इथे. नाहीतर मी.”

“पण तो मला म्हणाला होता, शेवटचा कप उतरेपर्यंत—”

“कुणीतरी थांबावं म्हणाला असेल,” डॉट म्हणाली. “तूच थांब, असं कुठे म्हणाला? आम्हाला वाटायचं, तुम्हा लोकांना बाहेर जायला आवडत नाही.”

रेखाच्या तोंडून एक आवाज निघाला. सुरुवातीला हसण्यासारखा होता. ती वळून बाहेर गेली.

सुमित्राबाई मागोमाग गेल्या. रेखा धक्क्याच्या कठड्याशी उभी होती.

“पाच वर्षं, आई. भिंतीपलीकडे किल्ली होती.”

“गुरुदत्तरावांनी विचारायला हवं होतं.”

“त्यानं एकट्यानं का? मी रोज डॉटशी बोलते. हवा कशी आहे, गाजरं कशी आहेत. एकदा तरी म्हणाले का, बाई, मला एक संध्याकाळ हवी आहे? मला लाज वाटायची. पहिली काळी माणसं या गावात आलेली. त्यांना झेपत नाही, असं कुणी म्हणायला नको.”

त्या आत आल्या तर गुरुदत्तनं रेशमी कुर्त्यावर एप्रन चढवलं होतं आणि तो पुसलेला बार पुन्हा पुसत होता. डॉट हात कमरेवर ठेवून बाजूला उभी होती.

“जा की रे बाबा आता. मी आहे.”

“कार्यक्रम संपला असेल एव्हाना,” तो म्हणाला. मग रेखाकडे न बघता, “तुम्ही तिघी कुठेतरी जेवून या. मी थांबतो.”

“कुणासाठी?” रेखानं विचारलं.

त्यानं भिंतीकडे पाहिलं. आकडे सगळे मोकळे होते, आणि आता खरोखर मोकळे होते. तरी तो पुसत राहिला.

सुमित्राबाई स्वयंपाकघरात गेल्या. गुरुदत्तचा चहाचा एक तपकिरी कप होता, नोव्हायच्या कंपनीतून आणलेला. तो सिंकजवळ राहायचा. या भिंतीवर त्याच्यासाठी आकडा कधी नव्हताच. तो कप घेऊन त्या बारच्या आत शिरल्या, जावयाच्या अंगावरून वाट काढत पुढे झाल्या आणि टाच उंचावून त्यांनी तो एका आकड्याला अडकवला.

“कांचन,” त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, “कप वर, म्हणजे काय?”

“माणूस बाहेर गेला.”

“कुठला माणूस?”

“बाबा.”

“मग हे इथे काय करतायत?”

एव्हरेटला शब्द कळले नसतील, पण भिंत त्याला वाचता येत होती. “दत्त,” तो म्हणाला, “तुझा कप वर आहे. तू इथे असशील तर आमचा सगळा हिशेब चुकेल.”

गुरुदत्तनं एप्रनची गाठ सोडायला घेतली. ती पटकन सुटली नाही.

पोर्टलंड आता लांब होतं. मोठ्या रस्त्याच्या तिठ्यावर एक डायनर होतं, ट्रकवाल्यांचं, तिथे चौघं गेली. रेखानं खिडकीजवळची जागा घेतली. वेट्रेसनं समोर ताट ठेवलं, तेव्हा रेखा त्या ताटाकडे नुसती बघत राहिली. दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं ताट. ती अगदी सावकाश जेवली आणि मुद्दाम दुसरी कॉफी मागवली. गुरुदत्तनं आपलं जेवण भराभर संपवलं, सगळ्यांच्या रिकाम्या बशा एकावर एक रचल्या आणि त्यावर काटे-चमचे आडवे ठेवले.

वेट्रेस म्हणाली, “पुढच्या वेळी येशील तेव्हा एप्रन घेऊन ये.”

“पुढच्या वेळी,” रेखा म्हणाली.

गुरुदत्त काचेतून बाहेर बघत होता. तिथून समुद्र दिसत नव्हता. “डॉटनं दिवा ठेवला असेल ना चालू?”

“तुझा कप वर आहे. ठेवावाच लागेल.”

कांचननं ॲपल पायचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि आजीच्या दंडाला टेकली. “आजी, ते लास्ट सेंटेन्स, आम्ही कुठे जात नाही. आता चेंज करू?”

सुमित्राबाईंनी समोर पाहिलं. गुरुदत्त खुर्चीच्या कडेला बसला होता, गाडीची किल्ली मुठीत, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “आधी बाबांना कोट काढू दे.”